दात ओढायचा मान

आरेलिसच्या बोटांना शीर बरोबर सापडते, असं अख्खं गाव म्हणायचं, आणि ते ऐकलं की नूरिसच्या छातीवर कुणी तापलेली पळी टेकवावी तसं व्हायचं.

कारण शीर सापडायची ती नूरिसच्याच पोरीची. आठ वर्षांची दानिया. नूरिसच्या पोटातून आलेली, नूरिसनं कळा देऊन काढलेली. आणि तिला सुई टोचायला, हात धरायला, कपाळावर फुंकर घालायला कोण, तर नवऱ्याची बहीण. ना तिला नवरा, ना पोर. कोपऱ्यावर एक दुकान, दुकानात एक फ्रीज, आणि फ्रीजमध्ये बिअरच्या बाटल्यांमागे दानियाचं औषध. वीज गेली की जनरेटर लावणारं गावात तेवढं एकच घर, म्हणून औषध तिथे. पोरगी नूरिसची, पण पोरीचा जीव आरेलिसच्या फ्रीजमध्ये. यावर कोणती आई शांत झोपेल?

दानियाला जी सूज होती ती नवऱ्याच्या घराण्याची. नाफेर, म्हणजे नूरिसचा नवरा, माग्दालेना नदीवर मोटरहोडी चालवायचा. त्याच्या आजोबांपासून हे रक्तातून चालत आलेलं, फक्त त्याला स्वतःला कधी सूज आली नाही. रक्तात एक गोष्ट कमी पडते, आणि ती कमी पडली की अंगातलं पाणी वाटेल तिथे जाऊन साचतं. हात फुगतो, पाय फुगतो, ओठ फुगतो, आतडी फुगून माणूस जमिनीवर लोळतो. आणि कधी घसा फुगतो, मग लोळायलाही वेळ मिळत नाही. कारण लागतं ते एवढंसं. एक धक्का, थोडा ताप, खूप रडणं. कधी तेवढंही लागत नाही. आजोबांनी जत्रेत न्हाव्याकडून दाढ उपटून घेतली आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला ते गेले. गावानं ठरवलं की कुणाची तरी नजर लागली. गावानं घराण्याला नावही दिलं, फुगरे. अजून म्हणतात. "फुगऱ्यांच्या घरात पोरगी दिली तिनं," असं नूरिसच्या आईला लोकांनी तोंडावर ऐकवलं होतं.

आणि शिकलेल्यांनी काय दिवे लावले? आरेलिस एकोणीस वर्षांची असताना तिचं पोट फुगलं, तर शहरातल्या एका डॉक्टरनं अपेंडिक्स म्हणून तिला फाडलं. अपेंडिक्स अगदी ठणठणीत निघालं. पुढे पुन्हा फुगलं, तर दुसऱ्यानं पुन्हा फाडलं. आत काही नाही. दोघांपैकी एकानंही माफी मागितली नाही. दुसरा तर म्हणाला, "पोरी, तुला नवरा हवाय, बाकी काही झालेलं नाही." असल्या माणसाला पांढरा कोट कोण देतं? अॅलर्जीची इंजेक्शनं टोचून टोचून तिच्या दंडांची चाळण झाली, आणि या सुजेला त्या इंजेक्शनांचा काडीचा उपयोग नसतो. शेवटी बारांकिया शहरातल्या एका डॉक्टरीण बाईंनी तिचं रक्त तपासलं आणि सुजेला नाव दिलं. मग कोर्टात अर्ज, मग विमा कंपनीची टाळाटाळ, मग पुन्हा कोर्ट. एवढं झाल्यावर बाटल्या आल्या. बाटलीत पांढरी भुकटी, सोबत पाणी. दोन्ही मिसळायचं आणि शिरेतून हळूहळू सोडायचं. आरेलिस हे स्वतःच्या हाताला स्वतः करायला शिकली. एका हातानं, रबराची पट्टी दातात धरून.

दानिया चार वर्षांची असताना तिचा पाय पहिल्यांदा फुगला. त्या दिवशी नूरिस देवाला शिव्या देत रडली. आरेलिसही रडली. पण आरेलिसच्या रडण्यात नूरिसला काहीतरी वेगळं दिसलं. घरात इतकी वर्षं एकट्यानं राहिलेल्या माणसाकडे पाहुणा आला, असं काहीतरी. नूरिसनं ते तिला कधीच माफ केलं नाही.

मग त्या दोघींची एक भाषाच झाली. हात फुगला की 'पाव आला'. पाय फुगला की 'बटाटा'. पोट फुगलं की 'ढोल'. सूज यायच्या आधी दानियाच्या पोटावर लालसर जाळी उमटायची, जुन्या लेससारखी. ती जाळी दिसली की पोरगी फ्रॉक वर धरून धावायची, आणि धावायची ती थेट दुकानात.

"माद्रिना! जाळी!"

माद्रिना म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातात धरणारी धर्माची आई. ती आरेलिसच होती, दुसरी कोण असणार. त्या नात्यानं नूरिस आणि आरेलिस एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. एकीची पोर, दोघी आया. ज्यानं कुणी ही रीत काढली त्याला मत्सर म्हणजे काय ते ठाऊक नसावं.

एकदा नूरिसच्या हाताला गांधीलमाशी चावली. हात मनगटापर्यंत टरारून सुजला. आणि कुणाला सांगायची सोय नाही, पण नूरिसला आनंद झाला. ती हात पुढे करून दानियाकडे गेली, "बघ, मला पण पाव आला."

दानियानं बोटानं दाबून पाहिलं. मोठ्या डॉक्टरसारखं तोंड केलं. "खाज येते का?"

"येते ना, खूप."

"मग हा आपला नाही," पोरगी म्हणाली. "आपल्याला खाजत नाही. हो ना माद्रिना?"

दोघी हसल्या. नूरिसही हसली. मग मागच्या अंगणात जाऊन तिनं तो हात भिंतीवर आपटला.

डॉक्टरीण बाईंनी मात्र तिला सोडलं नाही. "घरात सुई देणारी एकच व्यक्ती असून चालत नाही. आईनं शिकलंच पाहिजे." शिकवायच्या खोलीत रबराचा हात होता, त्यावर नूरिसनं शीर बरोबर पकडली. नर्सनं पाठ थोपटली. पण घरी दानियाच्या खऱ्या हाताला सुई लावली तेव्हा नूरिसची बोटं थरथरायला लागली. एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, तिसऱ्यांदा पोरीनं हात हिसकावला आणि किंचाळली, "माद्रिनाला बोलव! तू कसाई आहेस!" आरेलिस आली. "दे इकडे, कोमाद्रे," म्हणाली, आणि बोलता बोलता टोचून मोकळीही झाली. तेव्हापासून नूरिसनं सुईला हात लावला नव्हता.

माद्रिनाचे मान गावात ठरलेले असतात. बाळाची पहिली नखं माद्रिना कापते. कान माद्रिना टोचते. चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा पांढरा फ्रॉक माद्रिना शिवून आणते. आरेलिसनं नखं कापली, कान टोचले, फ्रॉकचं कापडही आणून ठेवलं. पण पहिला दुधाचा दात हा आईचा. दोरा आईनं बांधायचा, ओढायचा आईनं, आणि छपरावर फेकायचा, उंदरानं घेऊन जावा म्हणून. त्यावर माद्रिनाचा हक्क नाही. दानियाला दात पडायला उशीर झाला होता, वर्गातल्या पोरी बोळक्या होऊन पुन्हा दात उगवून बसल्या होत्या. म्हणून जेव्हा तिचा खालचा पुढचा दात हलायला लागला, तेव्हा नूरिसच्या मनात कुठेतरी बँड वाजला.

आरेलिसला कळायला वेळ लागला नाही. दुकानात साबण घ्यायला गेलेल्या नूरिसला तिनं गल्ल्यामागूनच विचारलं.

"दात हलतोय म्हणे पोरीचा."

"हलेल नाहीतर काय. सगळ्यांचे हलतात."

"ओढू नकोस हं, कोमाद्रे. आपोआप पडू दे. ओढायचाच असेल तर आधी औषधाची बाटली द्यायची, मग ओढायचा. मी येईन."

"दुधाचा दात आहे, आरेलिस. दाढ नाही."

"आमच्या आजोबांची दाढ होती."

"तुमचे आजोबा, तुमची दाढ, तुमची सूज! माझं काही आहे की नाही त्या पोरीत?"

दुकानात दोन बायका होत्या. त्यांनी कांदे निवडायला घेतले, म्हणजे ऐकायला बरं. आरेलिस साबण कागदात गुंडाळत शांतपणे म्हणाली, "नाक तुझं आहे. आणि हट्ट."

बायका हसल्या. नूरिस साबण तिथेच ठेवून घरी आली.

शनिवारी दुपारी नाफेर नदीवर होता, आरेलिस दुकानात सोड्याच्या पेट्या उतरवून घेत होती. दानिया आरशासमोर उभी राहून जिभेनं दात ढकलत होती. दात एका धाग्यावर लोंबकळत होता. निदान नूरिसला तसं दिसलं. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं.

"ओढू या का?" नूरिस म्हणाली.

"माद्रिना म्हणते आधी बाटली."

"माद्रिनाला काय कळतं? तिला कधी पोर झालंय? हा दात आईचा असतो. विचार कुणालाही."

"काही होणार नाही ना?"

"काही होत नाही."

दोऱ्याचं एक टोक दाताला, एक दाराच्या कडीला. नूरिसनं दार लोटलं. इतकंच. दानिया आधी दचकली, मग रक्त थुंकली, मग आरशात भगदाड बघून इतकी हसली की नूरिसनं तिला उचलून गरगर फिरवलं. दोघींनी मिळून दात छपरावर फेकला. त्या संध्याकाळी पोरगी आईच्या मांडीवर बसून भात जेवली, जीभ भगदाडातून बाहेर काढत. एकदाही दुकानात गेली नाही. नूरिसला वाटलं, इतकं सोपं होतं तर मी एवढी वर्षं का थांबले?

रविवारी सकाळी खालचा ओठ फुगला होता.

थोडाच होता. नूरिसनं बर्फ लावला, जरी तिला ठाऊक होतं की या सुजेला बर्फानं काही होत नाही. ओठ याआधीही फुगला होता, आपोआप उतरला होता, असं तिनं स्वतःला सांगितलं. दानियाला चर्चात मिस्साला नेलं नाही. नाफेर पहाटेच माणसं घेऊन वरच्या गावाला गेला होता. दारावरून आरेलिसची शेजारीण गेली तेव्हा नूरिसनं दार लोटून घेतलं.

"माद्रिनाला बोलव," दानिया म्हणाली.

"थोडं थांब."

"आई, बोलव ना."

"थांब म्हटलं ना! उतरेल."

हे 'थांब' म्हणजे काय होतं ते स्पष्टच सांगायला हवं. नूरिस घाबरली होती, हे खरं. पण त्याहून खरं हे, की दुकानात जायचं म्हणजे भगदाड दाखवायचं होतं. आणि आरेलिस त्या भगदाडाकडे बघेल आणि काहीच बोलणार नाही, हे तिला सहन होणार नव्हतं. पोरीच्या घशापेक्षा तिला त्या बाईचं न बोलणं मोठं वाटलं. काही तास वाटलं. आया असल्या असतात. सगळ्या नसतील, पण ही होती.

दुपार होता होता दानियाचा आवाज बदलला. आधी घोगरा झाला. मग तोंडात गरम कंद धरून बोलावं तसा झाला. मग ती थुंकी गिळेना, लाळ ओठावरून गळायला लागली. ती बोलायची थांबली आणि आईकडे बघत बसली. नूरिसनं नाफेरला फोन लावला, लागला नाही. नदीच्या त्या वळणावर कुणाचाच लागत नाही. आरोग्य केंद्राला रविवारचं कुलूप होतं.

तिनं पोरगी उचलली आणि पळाली.

आरेलिस दुकानाच्या दारात स्टुलावर बसली होती. गिऱ्हाइकं आपापल्या हातानं सामान घेत होती, आपापल्या हातानं पैसे डब्यात टाकत होती. आरेलिसचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते, आणि ते हात नव्हतेच. ते पाव होते. बोटं एकमेकांना चिकटून केळ्यांच्या फणीसारखी झाली होती, नखं त्या मांसात रुतून बसली होती. कालच्या सोड्याच्या पेट्यांनी केलं होतं हे.

नूरिस दारातच थांबली. "तुझे हात..."

आरेलिसनं नूरिसकडे पाहिलंच नाही. ती दानियाकडे बघत होती. "तोंड उघड, राणी." दानियानं उघडलं. भगदाड दिसलं, आणि भगदाडामागे जाडजूड जीभ दिसली.

"पडला की पाडला?"

नूरिसनं पोरगी आत आणून गल्ल्यावर बसवली.

"नंतर भांडू," आरेलिस म्हणाली. "हात धू. साबणानं, कोपरापर्यंत. दुकान बंद करा रे, बाहेर व्हा सगळे! फ्रीजमध्ये मागे दोन बाटल्या आहेत. एक काढ."

"मी?"

"मग कोण? या दोन पावांनी मी सुई धरू?"

"मला येत नाही. तुला ठाऊक आहे मला येत नाही!"

"आज येतं." आरेलिस उभी राहिली. "आणि रडायचं असेल तर आत्ताच काय ते रडून घे. नंतर हात थरथरायला नको."

नूरिस रडली नाही. तिनं हात धुतले. बाटली काढली, पाणी भुकटीत सोडलं, आणि घाईघाईत हलवायला लागली.

"हलवू नकोस, मूर्ख! फेस झाला की औषध वाया! तळहातात धरून फिरव. अंडं धरलंस असं समज. हां. हळू. अजून हळू."

भुकटी विरघळेपर्यंत दोघी त्या बाटलीकडे बघत राहिल्या. दानियाच्या श्वासाला आता शिट्टीसारखा आवाज येत होता. तिला बसतं ठेवून आरेलिसनं पाठीमागून कवेत धरलं होतं, फुगलेल्या हातांनी नाही, कोपरांनी. दानियाचं डोकं आरेलिसच्या छातीवर होतं. आणि त्या क्षणीही, औषध सिरिंजमध्ये भरता भरता, नूरिसच्या डोक्यात एकच गोष्ट चमकून गेली. बघा, धरलंय ते तिनंच.

पट्टी बांधायला आरेलिसची बोटं चालत नव्हती. तिनं रबर दातात धरून ताणलं आणि नूरिसनं गाठ मारली. नूरिसनं पोरीच्या कोपराच्या खळगीत बघितलं. काहीच दिसेना. गोबरा, गुळगुळीत हात.

"डोळ्यांनी शोधू नकोस," आरेलिस दातात रबर धरून म्हणाली. "बोटानं शोध. ओल्या दोरीसारखी लागेल."

नूरिसनं शोधली. टोचली. चुकली. कातडीखाली निळा फुगवटा आला. दानियाचं अंग ताठ झालं. तिला किंचाळायचं होतं, पण आवाजच नव्हता, आणि तो न आलेला आवाज नूरिसला आजवरच्या सगळ्या किंचाळ्यांपेक्षा मोठा ऐकू आला.

"दुसरा हात," आरेलिस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तुझाच हात आहे असं समजू नकोस. तिचाच आहे असंही समजू नकोस. दोरी शोध."

नूरिसनं डोळे मिटले. बोटाखाली काहीतरी सरकलं. ओलं, उडी मारणारं. तिनं सुई घातली आणि नळीत लाल रक्ताचा ठिपका उमटला.

"हां," आरेलिस म्हणाली. "आता रबर सोड, आणि हळू. घाई केलीस तर मी तुला चावेन."

औषध गेलं. मग थांबणं. थांबण्यासारखं वाईट काम जगात दुसरं नाही. आरेलिसनं कोपरानं फोनचं बटण दाबून डॉक्टरीण बाईंना लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आवाज सुधारला तरी वाट बघत बसू नका, हॉस्पिटलात या, दुसरी बाटली सोबत घ्या, आणि कुणी नुसतं अॅलर्जीचं इंजेक्शन देऊन झोपवायला लागलं तर मला फोन लावून द्या. नूरिस जमिनीवर बसून पोरीचा श्वास ऐकत होती. शिट्टी होती. शिट्टी होती. मग मध्येच एकदा नव्हती. मग पुन्हा होती, पण बारीक. दानियानं थुंकी गिळली. तोंड वाकडं करून गिळली, पण गिळली.

नाफेरची होडी तेवढ्यात धक्क्याला लागली. कुणीतरी त्याला धक्क्यावरच सांगितलं होतं. तो धावत आला तो तसाच मागे फिरला, पोरगी खांद्यावर घेऊन, आणि दोघी त्याच्यामागे होडीत चढल्या. दुसरी बाटली बर्फाच्या डब्यात नूरिसच्या मांडीवर होती. आरेलिसला होडीच्या कडेला धरता येत नव्हतं, म्हणून ती तळातच बसली, एखाद्या पोत्यासारखी.

होडी भर प्रवाहात आल्यावर नाफेरनं मोटरच्या आवाजावर ओरडून विचारलं, "दात कुणी काढला?"

त्यानं एकीकडून दुसरीकडे पाहिलं.

"मी विचारतोय, औषध न देता दात कुणी काढला? आपले आजोबा कसे मेले ते या घरात कुणाला ठाऊक नाही?"

"मी सांगितलं तिला," आरेलिस म्हणाली. ती त्याच्याकडे न बघता पाण्याकडे बघत होती. "मला वाटलं, दुधाचा दात आहे, चालेल. तिनं मला विचारलं आणि मी हो म्हटलं. चूक माझी."

नाफेरचं तोंड उघडं राहिलं. "तू? तूच?"

"मीच."

नूरिसच्या अंगात जे उसळलं ते आभार नव्हते. आभार मानणारी बाई दुसरी कुठली तरी असेल. तिनं बर्फाचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओरडली, मोटरच्या आवाजाच्या वर, नदीच्या वर.

"खोटं बोलते ही! मी ओढला! दाराला दोरा बांधून ओढला, हिनं नको म्हटलं असताना ओढला. सकाळपासून ओठ फुगला होता आणि मी पोरीला घरात कोंडून ठेवलं. मी!"

"नूरिस..." आरेलिस म्हणाली.

"गप्प बस तू! नखं तू घेतलीस. कान तू घेतलेस. शीर तू घेतलीस. सगळ्या गावाच्या तोंडात तूच. आता माझा गुन्हा पण तुलाच हवाय? तो तरी माझा राहू दे!"

नाफेरनं मोटर धीमी केली. तो नुसता बायकोकडे बघत राहिला, ओळख नसल्यासारखा. दानियाही बघत होती. तिचा ओठ अजून मोठा होता, पण शब्द आता ओळखू येत होते.

"तू म्हणालीस काही होत नाही," दानिया म्हणाली.

"हो. मी म्हणाले."

"खोटं बोललीस."

"हो."

पोरगी बापाच्या मांडीवरून उतरली आणि आरेलिसजवळ जाऊन बसली, आईकडे पाठ करून. नूरिसनं ते पाहिलं. तिनं बोलावलं नाही. बोलवायचा हक्क तिला आज नव्हता, आणि तेवढं कळण्याइतकी ती शहाणी होती.

होडी पुन्हा वेगात आली. पाणी दोन्ही बाजूंनी उडत होतं. आरेलिसनं मांडीवरचे आपले दोन मोठे, निरुपयोगी हात उचलून पाहिले, परत खाली ठेवले. उतरायला त्यांना दोन-तीन दिवस लागणार होते. औषध तिनं कालच घेतलं असतं तर हे हात आज हात असते. पण पोरीचा दात हलत होता, म्हणून तिनं दोन्ही बाटल्या राखून ठेवल्या होत्या. हे ती बोलली नाही. नूरिसला ते डब्यातल्या बाटलीकडे बघता बघता आपोआपच कळलं, आणि कळल्यामुळे ती जास्तच चिडली.

"ही बाटली तू का घेतली नाहीस काल?" तिनं विचारलं, जरी उत्तर ठाऊक होतं.

"विसरले."

"तू काही विसरत नाहीस."

"मग नाही विसरले." आरेलिसनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "ऐक. दुसऱ्या हाताला लागली तेव्हा तू डोळे मिटले होतेस."

"मग?"

"मग काही नाही. मी पण मिटते. सुई देणाऱ्या एकाच हातावर भागत नाही. माझे हात पुन्हा फुगतील. किंवा माझा घसा. मग तिला कोण देणार? हा?" तिनं हनुवटीनं नाफेरकडे दाखवलं. "रक्त बघून खाली पडतो हा."

"मी कुठे पडतो," नाफेर मागून म्हणाला.

"पडतोस. तर कोमाद्रे, परत आलो की रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचं. सलाइनचं पाणी भरायचं आणि माझ्या कोपराच्या शिरेत टोचायचं. बोटं थरथरायची थांबेपर्यंत. हा हात झाला की तो."

नूरिसनं तिच्या दंडाकडे पाहिलं. जुन्या सुयांच्या खुणांनी भरलेला, कोपराशी पिवळा पडलेला दंड.

"दुखेल तुला," ती म्हणाली.

"दुखणारच. पोरगी खोटं थोडीच बोलते, कसाईच आहेस तू."

"खूप दुखेल."

"माहीत आहे."

नूरिसनं मांडीवरचा डबा सरळ केला, झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहिलं.

"मग येते," ती म्हणाली.